वेंडेल मेस्त्रीचा पाय

वेंडेल मेस्त्रीला आमच्या मागच्या दाराने आत आणलं तेव्हा सगळं लिंडनफुर्ट गाव ख्रिस्तदेहाच्या सणाच्या मिरवणुकीला गेलं होतं. चर्चच्या घंटा वाजत होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लाकडाच्या ढलप्यांनी भरलेली हातगाडी ढकलत त्याची बायको वालबुर्गा एकटीच आली. दारापाशी थांबून तिने दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं आणि मग ढलप्या बाजूला सारल्या. खाली मेस्त्री पडला होता. सुतारसंघाचा मुख्य, ज्याच्यासमोर पाववालासुद्धा टोपी काढायचा, तो तोंडात फडकं कोंबून, घामाने डबडबून आमच्या अंगणात पोचला होता. डावा पाय खुब्यातून निखळून आत वळला होता.

"पोरी, घरात आणखी कोणी आहे?" वालबुर्गाने विचारलं.

"मी आणि बाबा, दोघंच," मी म्हटलं. "तिसरं माणूस सहा वर्षांपूर्वी गेलं. तुम्हाला माहीत आहे."

तिने मान खाली घातली. तिची खाली गेलेली मान बघून मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

माझे वडील लिंडनफुर्टचे जल्लाद होते. जर्मन मुलखातलं नदीकाठचं गाव, वर्ष सन चौदाशे एक्याऐंशी, आणि मी तेव्हा अठरा वर्षांची. जल्लादाचं काम गावाला हवं असतं, जल्लाद नको असतो. दारूच्या गुत्त्यात बाबांसाठी कोपऱ्यात वेगळं तिपाई स्टूल आणि बिनकानाचा पेला. पाववाला आमचा पाव फळीवर उलटा करून ठेवायचा, म्हणजे चुकून दुसऱ्या कोणी उचलू नये. पण हे सगळं सोसण्यासारखं. खरी गोष्ट होती ती स्पर्शाची. जल्लादाचा किंवा त्याच्या घरातल्या कोणाचा हात एखाद्या कारागिराला लागला, तर त्याचा संघ त्याला वाळीत टाकायचा. मग त्याला काम मिळायचं नाही, त्याच्या पोरींशी लग्न करायला कोणी तयार व्हायचं नाही आणि तो मेला तर खांदा द्यायला कोणी यायचं नाही. त्याची बायकोही त्याच्याबरोबर बाटायची.

तरीही लोक यायचे. माणसाचे सांधे निखळवणं हे बाबांचं सरकारी काम होतं, त्यामुळे ते परत कसे बसवायचे हे त्यांच्याइतकं आसपासच्या दहा गावांत कोणाला कळत नव्हतं. हाडं बसवणाऱ्या न्हाव्याने हात टेकले की माणसं आमच्या मागच्या दाराने यायची. नंतर रस्त्यात दिसली तर थुंकायची. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं.

मेस्त्री बांधकामाच्या पंधरा हात उंच परांचीवरून पडला होता. न्हाव्याने तीन दिवस ओढाताण करून पाय आणखी वाकडा केला होता. बाबांनी त्याला जमिनीवर घोंगडीवर झोपवलं, खुब्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ओडिला, खांदे धर."

"मी नाही धरणार."

"ओडिला."

"दुसऱ्या कोणाचेही धरते, बाबा. याचे नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कारण माहीत होतं. वालबुर्गाला माहीत होतं. घोंगडीवर पडलेल्या मेस्त्रीलाही माहीत होतं, कारण त्याने डोळे मिटून घेतले.

कारण असं. सहा वर्षांपूर्वी माझ्या आईला वेणा लागल्या. दुपार गेली, रात्र गेली, पहाटे बाळाचा एक पाय बाहेर आला आणि तिथेच अडकला. बाबांना निखळलेला खांदा बसवता यायचा, बाळंतपण येत नव्हतं. त्यांनी मला सुईणीकडे पिटाळलं. गावातली एकच सुईण, वालबुर्गा, वेंडेल मेस्त्रीची बायको. मी बारा वर्षांची. त्यांच्या दाराची कडी मला हाताने वाजवायची सोय नव्हती, म्हणून रस्त्यातूनच हाका मारत राहिले.

वालबुर्गा बाहेर आली. "एकच पाय आलाय की दोन?" तिने विचारलं.

"एकच."

"पायाळू आहे. येतं मला ते. धावत पुढे हो आणि पाणी तापत ठेव." तिने खुंटीवरची पिशवी काढली, डोक्याला फडकं बांधलं आणि उंबऱ्यापर्यंत आली. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तेवढ्यात मागून मेस्त्री आला.

"कुठे निघालीस?"

"जल्लादाच्या घरी. बाई अडली आहे."

"तिला शिवलीस की उद्या संघ मला हाकलेल. त्या घरात पाय ठेवायचा तर खुशाल ठेव, पण मग या घरात परत यायचं नाही."

वालबुर्गाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग तिने पिशवी उंबऱ्यावर ठेवली. मेस्त्री मला म्हणाला, "घरी जा, पोरी. देव बघेल काय ते." आणि दार लागलं.

देवाने काही बघितलं नाही. आई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, बाळ तिच्या पोटातच राहिलं. मेस्त्रीच्या कारखान्यातून फळ्या मिळणार नव्हत्या, म्हणून बाबांनी कोठाराचं दार काढून पेटी केली. खांदा द्यायला ढोरं सोलणारा मात्झ आणि त्याचा भाऊ आले, तिसरे बाबा, चौथी मी. मी उंचीला कमी, त्यामुळे सगळ्या वाटेत पेटी माझ्या बाजूला कलत होती आणि आत आई सरकल्याचा आवाज येत होता.

तो आवाज मी सहा वर्षं ऐकत होते. आणि आता बाबा सांगत होते, याचे खांदे धर.

मी धरले. बाबांनी दुसऱ्यांदा माझं नाव ज्या सुरात घेतलं तो मला मोडता येत नसे. गुडघे टेकून मी मेस्त्रीचे दोन्ही खांदे जमिनीला दाबले, आणि दाबायचे त्याहून बरेच जास्त दाबले. माझ्या अंगठ्यांचे वळ त्याच्या अंगावर आठवडाभर राहिले असतील. बाबांनी त्याचा पाय दुमडला, वर उचलला, हळूच फिरवला आणि एकदम ओढला. खट्ट असा आवाज झाला. मेस्त्री फडक्यातून ओरडला आणि गप्प झाला. पाय सरळ झाला होता.

बाबांनी खुबा पट्ट्यांनी बांधला, तीन आठवडे पाय टेकू नको म्हणून सांगितलं. वालबुर्गा कोपऱ्यात उभी राहून रडत होती. मेस्त्रीला धीर आल्यावर तो म्हणाला, "काय देऊ तुला, जल्लाद?"

"काही नको."

"तसं कसं? उपकार ठेवून मी जाणार नाही."

बाबा जरा वेळ पट्ट्यांची उरलेली गुंडाळी करत बसले. मग मला कधीच ऐकायला मिळाला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "माझं नाव योस्ट आहे. जाताना नावानं हाक मार. तेवढं पुरे."

गावात बाबांना कोणी नावाने हाक मारत नसे. जल्लाद, नाहीतर नुसतं अरे. नगरप्रमुखाच्या हुकमावरसुद्धा जल्लाद असंच लिहिलेलं असायचं. आई होती तोवर ती नावाने हाक मारायची. आई गेल्यावर ते नाव त्यांच्यापुरतंच उरलं होतं, आणि ज्याच्यामुळे ती गेली त्याच्याकडून बाबा आता ते नाव मागून घेत होते. मला इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवलं.

"उपकार झाले, योस्ट," मेस्त्री म्हणाला. बाबांचे कान लाल झाले.

गाडीत चढताना मेस्त्रीने विचारलं, "हे बाहेर गेलं तर मी संपलो. शब्द देतोस?"

"माझ्या तोंडून जाणार नाही."

"आणि मुलगी?"

"माझीच मुलगी आहे ती."

मेस्त्रीचं तेवढ्याने समाधान झालं. मला कोणी शब्द मागितला नाही, आणि मी दिलाही नाही. वालबुर्गाने पुन्हा ढलप्या पसरल्या आणि गाडी निघाली. मिरवणूक अजून नदीपलीकडे होती.

महिन्याभराने मेस्त्री गावात चालताना दिसला. थोडा लंगडत होता, पण चालत होता. लोकांनी विचारलं तर म्हणाला, संत लिओनार्डची कृपा. एवढं सांगून थांबला असता तर एक वेळ चाललं असतं. पण त्याने टेकडीवरच्या संताच्या देवळीत मेणाचा पाय वाहिला, चांगला हातभर लांब, आणि पाद्र्याने रविवारी प्रवचनात त्याचा उल्लेख केला. आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. बायका लंगड्या पोरांना घेऊन टेकडी चढू लागल्या.

मी हे बाबांना तणतणत सांगितलं. ते हसले. "संताला तरी एकट्यानं किती ठिकाणी पुरं पडायचं," ते म्हणाले, "थोडा हात आपण लावला."

"तो तुमचं नावसुद्धा घेत नाही."

"घेतलं होतं की. तू होतीस तिथं."

अशा माणसाशी काय बोलायचं? बाबांना राग असा नव्हताच, त्यांच्या वाट्याचाही मलाच करावा लागायचा. त्या दिवसापासून मी एकच विचार करत राहिले. मेस्त्रीला बुडवायचं. त्याच्या विहिरीत काही टाकायचं नव्हतं, घराला आग लावायची नव्हती. त्याने माझ्या आईला ज्या भीतीपायी मरू दिलं, ती भीती त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवायची होती. माझ्याजवळ त्याला पुरेल एवढं एकच वाक्य होतं. फक्त ते कुठे बोलायचं हे ठरत नव्हतं. बाजारात बोलले असते तर त्याने हसण्यावारी नेलं असतं. तिथून त्याला निसटता येऊ नये अशी जागा हवी होती.

ती जागा ऑक्टोबरात वादळाने मिळवून दिली. गावाबाहेरच्या माळावरचा फासाचा खांब पडला.

फासाचा खांब उभारणं हे बाबांचं काम नसतं. ते सुतारांचं आणि गवंड्यांचं. पण एकट्यादुकट्या सुताराने ते केलं, तर जन्मभर लोक त्याला फासवाला म्हणणार. म्हणून आमच्याकडे रीत अशी की गावातले सगळे सुतार आणि सगळे गवंडी मिळून जायचं, झेंडे आणि ढोल घेऊन. प्रत्येकाने लाकडाला एक घाव घालायचा. सगळ्यांनीच घातला म्हणजे कोणी कोणाला बोट दाखवायला नको. पहिला घाव सुतारसंघाच्या मुख्याचा. आणि घाव घालण्याआधी प्रत्येकाने नगराच्या कारकुनासमोर शपथ घ्यायची, की माझ्या अंगाला जल्लादाचा हात लागलेला नाही.

जल्लादाने त्या दिवशी शिडी घेऊन यायचं आणि वीस पावलांवर उभं राहायचं. शिडी लांब, दुसरं टोक धरायला मी गेले.

आकाश स्वच्छ होतं. अख्खं गाव माळावर लोटलं होतं, पोरांना खांद्यावर घेऊन. सुतार एका बाजूला, गवंडी दुसऱ्या बाजूला, मधे नवा खांब आडवा टाकलेला. कारकुनाने कागद उलगडला आणि पहिलं नाव वाचलं. वेंडेल मेस्त्री पुढे आला. नवं कातडी जाकीट, हातात कुऱ्हाड, लंगडणं जवळजवळ गेलेलं. गर्दीत पुढच्याच रांगेत वालबुर्गा उभी होती.

"वेंडेल, संघाचा मुख्य," कारकून म्हणाला, "जल्लादाचा हात तुझ्या अंगाला लागला आहे का?"

"नाही."

"देवासमोर सांगतोस?"

"देवासमोर."

मी त्याला तेवढं बोलू दिलं. आधीच बोलले असते तर त्याला शपथ टाळता आली असती. तो कुऱ्हाड उचलून खांबाकडे वळला तेव्हा मी वीस पावलांवरून, एखाद्या शेजारणीने चौकशी करावी तशी, म्हणाले, "मेस्त्री, खुबा कसा आहे आता? गारठ्यात ठणकत नाही ना?"

ढोल थांबले. बाबांनी माझ्याकडे मान वळवली, पण मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"काय म्हणाली ती?" कारकुनाने विचारलं.

"मेस्त्रीचा खुबा," मी म्हटलं. "बाबांनी बसवला ना जूनमध्ये, मिरवणुकीच्या दिवशी. खांदे मी धरले होते. म्हटलं विचारावं, बरा आहे का."

मेस्त्रीचा चेहरा पांढरा पडला. "खोटं बोलते आहे," तो म्हणाला. "संत लिओनार्डनं बरा केला. सगळ्यांना माहीत आहे."

गर्दीत कुजबुज वाढली. कारकून म्हातारा होता, त्याने अशा सभा खूप पाहिल्या होत्या. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "जल्लादाच्या पोरीची साक्ष कायद्यात धरत नाहीत," तो म्हणाला. "तिच्या बोलण्याला काही अर्थ नाही. मेस्त्री, घाव घाला."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चार महिने मी त्या एका वाक्याला धार लावत बसले होते, आणि ते वाक्य ज्या तोंडातून येणार त्या तोंडाला गावात किंमत नाही, ही साधी गोष्ट मी विसरले होते. मी हरले होते. सुतार एकमेकांकडे बघून हसू लागले. एकाने मेस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. त्याला आता फक्त घाव घालायचा होता.

पण मेस्त्री कारकुनाचं ऐकतच नव्हता. तो माझ्या मागे, बाबांकडे बघत होता. चार महिने मनात दाबलेली भीती त्याच्या तोंडातून बाहेर आली.

"योस्ट," तो म्हणाला, "तू शब्द दिला होतास."

माळ एकदम शांत झाला. मग गवंड्यांतल्या एकाने शेजाऱ्याला अगदी सहज विचारलं, "योस्ट कोण?"

कोणाला माहीत नव्हतं. लोक इकडेतिकडे बघू लागले, योस्ट नावाचा माणूस शोधू लागले. आणि मग मेस्त्रीची नजर जिकडे होती तिकडे एकेकाची नजर वळली. वीस पावलांवर शिडीचं टोक धरून बाबा उभे होते. वीस वर्षं त्या गावात राहिलेल्या माणसाला नाव आहे हे लोकांना त्या दिवशी कळलं, आणि ते वेंडेल मेस्त्रीला ठाऊक आहे हेही कळलं.

ज्याने पाठीवर थाप मारली होती त्याने हात विजारीला पुसला. सुतार मागे सरकले. एक पाऊल, मग आणखी एक, आणि मेस्त्रीभोवती मोकळं रिंगण झालं. त्याची कुऱ्हाड गळून पडली ती कोणी उचलली नाही. कारकुनाने कागदावर रेघ ओढली आणि दुसरं नाव वाचलं. ढोल पुन्हा सुरू झाले.

मला आनंद झाला. सांगताना आज मी सत्तरीची आहे, आणि आजही तो क्षण आठवला की माझी पाठ ताठ होते. मी मनात म्हटलं, घरी जा, मेस्त्री. देव बघेल काय ते.

परत येताना बाबा शिडीचं पुढचं टोक धरून चालत होते, मी मागचं. मला त्यांची पाठ दिसत होती. घरी येऊन त्यांनी शिडी टांगली, हात धुतले, चुलीपाशी बसले.

"तुला बरं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"निदान खोटं नाही बोललीस." त्यांनी ओले हात चुलीपुढे धरले. मग म्हणाले, "गाव म्हणायचं, आपल्या हाताचा विटाळ होतो. मी कधी मानलं नाही. इतकी वर्षं मागच्या दारानं येईल त्याला हात लावत राहिलो, ते न मानण्यासाठीच. तू मानतेस, हे मला माहीत नव्हतं."

"मी नाही मानत. तो मानत होता. त्याला त्याच्याच मानण्यानं मारलं."

"असेल," बाबा म्हणाले. "पण हात आपला वापरलास."

मी चुलीत लाकडं सारत बसले. त्यानंतर आमच्या मागच्या दाराने कोणी आलं नाही. जल्लादाच्या घरात गुपित राहत नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं. बाबांनी लिंडनफुर्टमध्ये पुन्हा एकही हाड बसवलं नाही. पट्ट्यांच्या गुंडाळ्या त्यांनी तशाच फळीवर ठेवल्या, त्यांना कसर लागली.

मेस्त्री चौथ्या दिवशी गाव सोडून गेला. हत्यारं पाठीवर घेऊन, बायकोला न सांगता. कुठे गेला, जगला की मेला, आजवर समजलं नाही. मागे राहिली वालबुर्गा. नवऱ्याबरोबर तीही बाटली होती, त्यामुळे गावातली एकही बाळंतीण तिला आता बोलावणार नव्हती. मी मारलेला घाव तिच्यापर्यंत जाईल याचा मी विचार केला नव्हता. केला असता तरी थांबले नसते. तिने पिशवी उचलली होती हे खरं, पण ती खालीही तिनेच ठेवली होती.

रविवार आला. चर्चमध्ये आमचा बाक सगळ्यांत मागे होता, दाराच्या फटीतून वारा यायचा तिथे, भिंतीला लागून. तीन माणसांचा बाक. भिंतीकडे बाबा, कडेला मी आणि मधली जागा आईची. ती गेल्यापासून तिथे कोणी बसलं नव्हतं. बसणार तरी कोण? त्या बाकाला शिवायलाही गावातलं कोणी तयार नसायचं.

रविवारची उपासना, मिस्सा, सुरू व्हायच्या आधी वालबुर्गा आत आली. तिची नेहमीची जागा पुढून तिसऱ्या बाकावर, सुतारांच्या बायकांत. ती तिथवर गेली. बायका नुसत्या पसरून बसल्या. मधे बोटभर फट उरली नाही. ती दुसऱ्या बाकाकडे गेली, तिथेही तेच झालं. मग ती मधल्या वाटेने मागे येऊ लागली. सगळं चर्च मान न वळवता तिला बघत होतं. ती येत येत आमच्या बाकापाशी थांबली. झोप न झाल्यासारखे डोळे, डोक्याला तेच फडकं.

"सरक जरा, पोरी," ती हळूच म्हणाली.

मी समोर वेदीकडे बघत होते. "ती जागा भरलेली आहे," मी म्हटलं.

तिने रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिला समजायला वेळ लागला नाही. तिने वाद घातला नाही, विनवणी केली नाही, पुढेही गेली नाही. हात पोटाशी धरून ती तिथेच वाटेत उभी राहिली. मला वाटलं, राहू दे उभी. माझी आई एक दिवस आणि एक रात्र अडली होती.

पाद्र्याने पहिली प्रार्थना म्हटली. तेवढ्यात बाबा उठले. माझ्या गुडघ्यांना न लागता ते बाकाच्या पुढून बाहेर आले आणि वालबुर्गाला हाताने आत जायला सांगितलं, भिंतीकडे, त्यांच्या जागी. ती गेली आणि बसली. बाबा मागच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले, टोपी दोन्ही हातांत धरून. माझ्यात आणि वालबुर्गात आईची जागा रिकामी होती. बाबा त्या जागेवर बसले असते तर मला काही म्हणता आलं नसतं. पण ती भरलेली आहे असं मी म्हटलं होतं, आणि बाबा माझा शब्द मोडत नसत.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. नऊ वर्षं दर रविवारी ते पूर्ण मिस्सा उभे राहिले. मधे त्या दोघांची ओळखही झाली. वालबुर्गा मात्झच्या बायकोची आणि नदीकाठच्या भटक्यांची बाळंतपणं करू लागली, आणि बाबा तिला पाणी तापवायला लाकडं नेऊन द्यायचे. मी तिच्याशी बोलले नाही. शेवटच्या हिवाळ्यात बाबांचे गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले होते. वालबुर्गा मिस्सा चालू असताना अर्धवट उठायची, ते तिला मानेनेच बस म्हणायचे. दोघंही माझ्याकडे बघत नसत.

मला फक्त हातभर सरकायचं होतं. नाहीतर एवढंच म्हणायचं होतं, बाबा, बसा. फासाच्या माळावर सगळ्या गावासमोर मला बोलता आलं होतं. इथे माझा बाप या पायावरून त्या पायावर भार टाकायचा तो आवाज मला मागून ऐकू यायचा, आणि मी वेदीकडे बघत बसून राहायचे.